शेंडा सोबत नसल्यास

पाकीट फोडण्याआधी लाखेचा ठसा बघायचा,
'शाबूत' असं लिहायचं, मग फोडायचं.
केळवद नाक्यावरचा माल. तीन गोळे,
हिरवे, सुकून काळपटलेले,
एकावर वर्तमानपत्राची अक्षरं उलटी उमटलेली.
सोबत पावती,
पांढुर्ण्याच्या सरकारमान्य दुकानाची,
रबरी शिक्का, रुपये दोनशे चाळीस,
आणि पाठीमागे पेन्सिलीनं यादी:
बदाम, खसखस, मगज, बडीशेप (जाडी).

आरोपी रामस्नेही चौरिया, वय चौसष्ट,
धंदा थंडाई, इतवारीत, शिवरात्र ते रंगपंचमी.
मी त्याला पाहिलेलं नाही.
माझ्याकडे माणसं ग्रॅममध्ये येतात.

शिपाई कूलरसमोर बसून आहे सकाळपासून.
"मॅडम, हो म्हना नाही तं नाही म्हना,
पन आज म्हना बाप्पा. साहेब रोज इचारते."

दिल्लीचं पुस्तक म्हणतं,
गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, वरचा शेंडा.
पान आणि बी त्यात धरू नये,
शेंडा सोबत नसल्यास.
या 'नसल्यास'वर माणसाची वर्षं
इकडची तिकडे होतात.
दिल्लीला जे पान दिसतच नाही
ते मुंबईच्या पुस्तकात गुन्हा आहे
आणि भोपाळच्या वहीत महसूल.
बसच्या मागच्या सीटवर, पिशवीतल्या पिशवीत,
कंडक्टर सुटे पैसे मागत होता तेवढ्यात केव्हातरी
पानानं जात बदलली. त्याला कळलंही नसेल.

माझे आजोबा आबकारीत कारकून.
तेव्हा राजधानी हे शहरच होतं,
पांढुर्णं आपल्यातच.
गांजाच्या दुकानांचे लिलाव ते वळणदार अक्षरात लिहीत
आणि संध्याकाळी हात धुऊन रामरक्षा म्हणत.
मग एका नोव्हेंबरात राजधानी उठून गेली.
आजोबा त्याच खुर्चीवर बसून राहिले,
त्याच दौतीत टाक बुडवत,
आणि दुसऱ्या राज्याचे झाले.
शून्य मैलाचा दगड इथून जवळच आहे.
कायदा कुठून मोजायचा
ते त्यावर कोरलेलं नाही.

नळीत थेंब टाकले. जांभळा आला.
जांभळा पानालाही येतो, फुलालाही.
भिंगाखाली अस्वलाच्या नखांसारखे
आखूड वाकडे केस. म्हणजे झाड तेच.
पण शेंडा?
शेंडा ओळखायला आकार लागतो,
आणि आकार त्या दुकानातल्या कुणीतरी
पाट्यावर वाटून टाकलाय,
थोडी मिरी घालून, पाणी शिंपडत,
चांगला मन लावून, बारीक.
एका सरकारनं वाटलेलं
दुसऱ्या सरकारनं मला निवडायला दिलंय.

इतकी वर्षं मी 'आढळले' लिहिते,
नाहीतर 'आढळले नाही'.
आज लिहिलं:
नमुना भांगेच्या झाडाचा आहे.
त्यात शेंडा होता किंवा कसे,
याबाबत मत देता येत नाही.

शिपायानं वाचलं. मग परत, बोट ठेवून.
"म्हंजे थो सुटला का फसला?"
मी लाख वितळवत होते.
"त्यात लिहिलंय तेवढंच," म्हटलं.
"असं कसं लिवता मॅडम," तो म्हणाला,
रागानं नाही,
एखाद्या शेजारणीला म्हणावं तसं.

रंगपंचमी होऊन नऊ दिवस झाले होते.
रामस्नेहीचा खलबत्ता कुठे असेल,
कुणी झाकून ठेवला असेल का,
हे माझ्या रकान्यात येत नाही.

दुपार झाली. शिपायाला अर्धी भाकर दिली.
डब्यात चवळीची भाजी होती,
कोवळ्या शेंड्यांसकट खुडलेली.
सकाळी निवडत बसायला
वेळ कुणाला होता.